उभं राहायची अट

हडपसर, पुणे
११ जून २०००

आदरणीय अक्षता वहिनी,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "भाऊजी, माझी पोर खरंच उभी राहिली का?" आणि मी नुसतं "हो" म्हणालो. फोन बाहेरच्या खोलीत आहे. शेजारी तात्या बसलेले असतात, आणि तुमचा फोन यायच्या वेळी समोरचे श्रीनिवासकाकाही पेपर मागायला म्हणून येऊन बसतात. तेवढ्या लोकांत मला नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. पोचायला वेळ लागेल, पण मध्ये कोणी बोलणार नाही.

हो, मैत्री उभी राहिली. मंगळवारी तिचे कॅलिपर मिळाले. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही पायांना सळ्या, वर कमरेला रुंद चामड्याचा पट्टा, आणि हातात धरायला छोटा वॉकर. प्रत्येक गुडघ्यापाशी कडी आहे, तिला लॉक म्हणतात. पाय सरळ केला की कडी आपोआप खाली घसरते आणि गुडघा वाकत नाही. बसायचं असेल तर दुसऱ्या कोणीतरी दोन्ही कड्या वर ओढायच्या आणि तिला काखेत धरून खाली घ्यायचं. तिला स्वतःला ते जमत नाही, कारण हात वॉकरवरून काढले तर ती पडेल. म्हणजे तिला उभं करावं लागतं आणि बसवावंही लागतं. मधलं ती करते.

चालताना आधी वॉकर सरकवते, मग हातांवर जोर देऊन दोन्ही पाय एकदम पुढे फेकते. पहिल्या दिवशी कॉटपासून दारापर्यंत गेली. दारात थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, "संजूकाका, तू एवढा बुटका आहेस?" अपघात झाल्यापासून मी तिला खालूनच दिसत होतो. काकू रडल्या. तात्या कॉलनीतून कोणाकोणाला बोलावून आणायला गेले.

शाळेचंही झालं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चाकांची खुर्ची वर्गात मावणार नाही, आणि दारात पायऱ्या आहेत. मुलगी पायांवर येणार असेल तर घेऊ." तात्या त्यांना म्हणाले, "बाई, तुमच्या पायऱ्या बघता मीसुद्धा पायांवर आलो हे विशेषच." बाई हसल्या नाहीत, पण पहिलीत नाव घातलं.

मला एकच काळजी वाटते. कमरेखाली तिला काही कळत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. पट्टा रुतला, बूट लागला, तरी तिला समजणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की कॅलिपर काढले की रोज कातडी बघायची. लाल डाग दिसला आणि तो थोड्या वेळात गेला नाही, तर कॅलिपर बंद. मी रोज बघतो. माझी कारखान्यात दुसरी पाळी असते त्या आठवड्यात काकू बघतात.

मी नववीतून शाळा सोडलेला, औषधांच्या कारखान्यात खोकी भरणारा तुमचा चुलत दीर. अभयदादाने गावाहून आणलं म्हणून या घरात आहे. दादा जाऊन दोन वर्षं होतील. उसाच्या त्या ट्रॉलीला मागे दिवा असता तर त्या रात्री दादा गेला नसता आणि मैत्रीच्या पाठीलाही मार बसला नसता. तुम्ही मैत्रीला तिच्या आजी-आजोबांवर, तात्या-काकूंवर, सोपवून गेलात, माझ्यावर नाही, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी तिला उचलतो मी, म्हणून लिहिण्याची हिंमत केली.

चूकभूल माफ करावी.
आपला,
संजय


कोलंबस, ओहायो
२ जुलै २०००

प्रिय संजय भाऊजी,
जयभीम.

पत्र मिळालं. उशाखाली ठेवलंय असं लिहिणार होते, पण खरं तर ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, कारण मी जास्त वेळ तिथेच असते.

तात्या फोनवर सांगतात, "चालतेय गं, आता पळायचीच बाकी आहे." आई विचारतात, "तू जेवलीस का?" ती कशी चालते हे मला तुमच्या पत्रातून कळलं. दोन्ही पाय एकदम फेकते, हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीची पाठ धरून करून बघितलं. माझे हात भरून आले. तिचे केवढेसे आहेत.

माझी रूममेट लग्न करून डॅलसला गेली. आता मी एकटीच आहे. शेजारी कोण राहतं माहीत नाही. त्यांचं कुत्रं मी जिन्यात आले की भुंकतं. बरं वाटतं, कोणीतरी दखल घेतली.

शनिवारी इथल्या एका केंद्रात गेले होते. मैत्रीसारखीच मुलं, पाठीला मार बसलेली, रंगीत वॉकर घेऊन हिंडत होती. एका मुलाने माझ्या पायावरून चाक नेलं आणि "सॉरी" म्हणून पुढे गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. तिथल्या बाई म्हणाल्या की उभं राहणं हाडांना चांगलं, जितकं होईल तितकं करावं.

मला तिला इथे आणायचंय, भाऊजी. पण माझं घर पहिल्या मजल्यावर आहे. रोज तिला उचलून जिना चढणं-उतरणं, वर नोकरी, हे मला एकटीला झेपणार नाही. निदान घरात, शाळेत, गाडीपर्यंत तिला पायांवर जाता यायला हवं. म्हणून जितका वेळ उभी राहील तितका राहू द्या. आईंना पाझर फुटेल, "दमलीस गं बाय" म्हणून लगेच बसवतील. तेवढं सांभाळा.

मीही तिला फोनवर सांगत असते. आमचं दोघींचं एक ठरलंय. ते तुम्हाला सांगणार नाही, आणि तिलाही कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलंय. तेवढं तरी मायलेकींत राहू दे. बाकी सगळं श्रीनिवासकाकांच्या समोरच बोलावं लागतं.

ती उभी असतानाचा एक फोटो पाठवा.

तुमची वहिनी,
अक्षता


हडपसर, पुणे
२३ जुलै २०००

आदरणीय वहिनी,
सप्रेम जयभीम.

फोटो सोबत आहे. स्टुडिओवाला तिला म्हणाला, "हस की." ती म्हणाली, "हसले की हलते." म्हणून चेहरा गंभीर आला आहे. एरवी ती तशी नसते.

शाळा सुरू झाली. वर्गावर श्यामलाबाई म्हणून आहेत. त्यांना मी लॉक कसे उघडायचे ते दाखवलं आणि माझ्यासमोर करून दाखवायला लावलं. मग परत एकदा लावलं. त्या म्हणाल्या, "अहो, तीन पोरं वाढवलीत मी. दोन कड्या ओढता येतील." त्यांना राग आला असेल, पण मला खात्री करून घ्यायची होती.

सकाळी मी सोडतो. या महिन्यात बरेच दिवस दुसरी पाळी आहे, त्यामुळे दुपारी शाळा सुटल्यावर तिला घरी आणून मग कामावर जातो. तिला आणायला जातो तेव्हा ती वर्गाच्या दारात वॉकर धरून उभीच असते. बाकीची मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी पळत बाहेर येतात. तिला कोणी धक्का लावत नाही. कोणी तिच्याजवळ थांबतही नाही. मी दिसलो की म्हणते, "बघ, उभी आहे." तुम्ही ऐकलंत तर तुम्हाला आवडेल, म्हणून लिहिलं.

घरी आली की लगेच झोपते. थोडी चिडचिडी झाली आहे. हल्ली मला कातडीही बघू देत नाही. "आजीने बघितलं," म्हणते. मोठी होतेय, लाजत असेल. काकूंचं लक्ष असतंच.

तुम्ही तिला नेणार हे वाचून मला फार आनंद झाला. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर दोन-तीन प्रकारे लिहून बघितलं. असंच ठीक आहे असं वाटलं.

तुमचं दोघींचं काय ठरलंय ते मी तिला विचारलेलं नाही.

आपला,
संजय


कोलंबस
२० ऑगस्ट २०००

संजय भाऊजी,

फोटो मिळाला. उंच झालीय. ऑफिसात टेबलावर लावलाय. पलीकडचा पीटर म्हणाला, तुझी मुलगी सैनिकासारखी उभी आहे. मला ते आवडलं आणि मग आवडेनासं झालं.

आता जे विचारायचंय ते विचारते. चार रविवार झाले, मैत्री फोनवर आलेली नाही. एकदा तात्या म्हणाले, झोपलीय. तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते. पुढच्या वेळी म्हणाले, सलोनीकडे खेळायला गेलीय. ही सलोनी कोण, तर म्हणे शेजारी नवीन आलेत. मग तिचा घसा बसला. माझी मुलगी घसा बसला की जास्त बोलते, हे मला माहीत आहे. काल तर आईंनी फोन उचलला आणि "जेवलीस का" हेसुद्धा विचारलं नाही. तेव्हा मी घाबरले.

तुम्ही दर वेळी कामावर असता. रविवारी सकाळी तुमचा कारखाना कधीपासून चालू असतो?

रागावणार नाही असं मी लिहीत नाही. रागावेन. पण सांगा. लिहा, म्हणजे मध्ये कोणी बोलणार नाही. तुमचंच वाक्य आहे.

अक्षता


हडपसर, पुणे
३ सप्टेंबर २०००

आदरणीय वहिनी,
सप्रेम जयभीम.

मैत्री घरी आहे. तिच्या जिवाला आता धोका नाही. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल.

जुलैच्या अखेरीला काकू तिचे कपडे बदलत होत्या. फ्रॉकवर कमरेपाशी ओला डाग होता. पट्टा काढला तर उजव्या बाजूला, हाडावर, जखम होती. वरून लहान दिसत होती, पण आत खोल गेलेली होती. दुसऱ्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात ठेवावं लागलं, जखम कापून साफ करावी लागली. आता ताप नाही. मी रोज तिला ड्रेसिंगला नेतो. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, बसायचं थोडंच, आणि कॅलिपर पूर्ण बंद. भरायला अजून महिने जातील असं डॉक्टर म्हणाले.

तात्यांनी तुम्हाला सांगायला मनाई केली. म्हणाले, "तिकडे कळवून काय होणार? विमानातून मलम टाकणार आहे का ती? रडायला इथे आम्ही दोघं आहोत, तेवढी पुरेत." ते रागाने म्हणाले नाहीत. दिवसभर तेच तिच्या उशाशी बसून असतात. मी तात्यांचं ऐकलं आणि रविवारी सकाळी फोनच्या वेळी कालव्यापर्यंत चालत जाऊन येऊ लागलो. कारखाना रविवारी बंदच असतो.

हे कसं झालं ते मला आधी समजेना. मी कातडी बघू लागलो की ती म्हणायची, आजीने बघितलं. आजी बघू लागली की म्हणायची, काकाने बघितलं. आम्ही दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. पण तरी एवढी जखम शाळेत थोडा वेळ उभं राहून व्हायला नको होती. म्हणून मी शाळेत गेलो. मी कोणाशी भांडत नाही, पण त्या दिवशी श्यामलाबाईंवर ओरडलो. म्हणालो, तुम्ही हिला बसवत नव्हता का?

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "संजयराव, पहिल्याच दिवशी बसवायला गेले, तर म्हणाली, डॉक्टरांनी बसायचं नाही सांगितलंय, काकाला विचारा. इतकं सरळ बघून म्हणाली की मी विचारलंच नाही. मला वाटलं, तिचा व्यायाम असेल. मागच्या खिडकीपाशी उभी राहायची. कठड्यावर वही ठेवून लिहायची. अक्षर छान आहे हो तिचं."

म्हणजे शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ती उभी होती, वहिनी. रोज. मधल्या सुट्टीतही. आणि मी न्यायला गेलो की मला वाटायचं, माझी वाट बघत उभी राहिली आहे.

मी तिला विचारलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाली, "तू आईला सांगशील."

मी म्हणालो, "आईलाच तर सांगायचं आहे. दुसरं कोणाला सांगणार?"

"आई म्हणाली, जेवढी जास्त उभी राहशील तेवढ्या लवकर तुला नेईन. बसलेलं मोजत नाहीत."

"बसलेलं मोजत नाहीत, असं आई म्हणाली?"

"नाही. ते मीच धरलं."

मग मला विचारलं, "काका, आता मी झोपूनच आहे, तर आधीचं उभं राहिलेलं कमी होतंय का?"

मी नाही म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणालो. ती माझ्याकडे मोठ्या माणसासारखी बघत होती. म्हणाली, "तुला काय माहीत? तुला कुठे आई म्हणाली होती?"

हे तुम्हाला लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. नुसती जखम कळवायची आणि हे गाळायचं, असंही एक पत्र लिहिलं होतं. ते टाकलं नाही. कारण जखम भरली की ती पुन्हा उभी राहील आणि पुन्हा कोणाला सांगणार नाही. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांदा झालं तर हाडापर्यंत जाईल. तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. बघायचं काम आमचं होतं. पण अट तुम्ही घातली आहे, ती तुम्हीच काढली तर निघेल. माझ्या सांगण्याने निघत नाही.

हे पत्र पोचलं की त्यानंतरच्या रविवारी फोन करावा. दर रविवारी त्या वेळेला मी तात्या-काकूंना विहारात घेऊन जाईन, श्रीनिवासकाकांनाही काहीतरी सांगेन. फोन तिच्या कॉटवर ठेवून जाईन. वायर तिथपर्यंत पोचते, मी बघितलं आहे.

आपला,
संजय


कोलंबस
२५ सप्टेंबर २०००

संजय भाऊजी,

फोन तिनेच उचलला. इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्या मुलीच्या मागे कोणाचं खोकणं ऐकू आलं नाही.

मी तिला सांगितलं, बसलीस तरी नेईन, झोपलीस तरी नेईन. ती म्हणाली, "मग आधी का नाही म्हणालीस?" मी रिसीव्हर तोंडापासून लांब धरला. मग तीच म्हणाली, "रडतेस का? आजी म्हणते, रडू आलं की पाणी प्यावं."

तात्यांवर मी रागावले आहे, आणि ते नंतर पुन्हा फोन करून सांगितलंही. ते म्हणाले, "रागव. हक्क आहे तुझा." तुमच्यावरही रागावले होते. ऑगस्टभर एकेका रविवारी कालव्यापर्यंत चालत जाणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येत होता. मग तो एकटाच चालताना दिसायला लागला, आणि राग टिकेना.

मी तळमजल्यावरचं घर घेतलंय. दार रुंद आहे, बाहेर उतार आहे. घर याच इमारतीत होतं. आधीही घेता आलं असतं. मी विचारलंच नव्हतं, कारण ती चालत येणार असं मी धरून बसले होते.

डिसेंबरात येते आणि तिला घेऊन जाते. व्हिसाचे कागद सुरू केलेत. इथल्या शाळेत खुर्ची वर्गात मावते. कॅलिपरचं नंतर बघू, तिला हवेसे वाटले तर. तोपर्यंत जखम भरू दे.

तुम्ही मला हे लिहिलंत ते चांगलं केलंत, असं मला अजून लिहिता येत नाही. पुढे कधीतरी येईल.

अक्षता


हडपसर, पुणे
१४ जानेवारी २००१

आदरणीय वहिनी,
सप्रेम जयभीम.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा मी खरोखरच कामावर होतो. काकूंनी सांगितलं की मैत्री विमानात सगळ्यांशी बोलली आणि तुम्हाला झोपू दिलं नाही.

तुम्ही इथे होतात तेव्हा बऱ्याच गोष्टी सांगायच्या राहून गेल्या. तुम्ही दोघी बोलत असायचात, मध्ये येणं मला बरं वाटलं नाही. म्हणून आता लिहितो.

कातडी रोज स्वतः बघावी. बघितली का, असं तिला विचारू नये. ती हो म्हणते. उजव्या कमरेवरची नवीन कातडी गुळगुळीत आणि गुलाबी आहे, ती अजून कोवळी आहे. तिथे कशाचाही पट्टा, नाडी किंवा चड्डीचं इलॅस्टिक येऊ देऊ नये. पाणी प्यायली का विचारलं तरी ती हो म्हणते. ग्लास बघावा. रात्री कूस बदलून देताना ती झोपेत "काका, हळू" म्हणते. ती जागी नसते, उत्तर देण्याची गरज नाही. थोड्या दिवसांनी म्हणायची बंद होईल.

अंघोळीच्या पाण्यात आधी आपला हात घालून बघावा. ती पाय बुडवून पाणी गरम आहे की नाही ते सांगू शकत नाही, पण तुम्ही विचारलंत तर अंदाजाने सांगते.

घरी सगळं ठीक आहे. तात्या फोनपाशी कमी बसतात. श्रीनिवासकाका पेपर मागायला येतात आणि घेऊन लगेच जातात. तिची कॉट काकूंनी काढू दिलेली नाही. शाळेत मी दाखला आणायला गेलो होतो. श्यामलाबाईंनी विचारलं, तिकडे तिला बसायला मिळतं का? मी हो म्हणालो. माझी आता सलग पहिली पाळी असते. दुपारी घरी आलो की काय करायचं ते अजून लक्षात येत नाही. मी कुठेतरी जायला निघतो आणि चप्पल घालून दारात थांबतो.

एक गोष्ट तुम्ही फोनवर विचारलीत असं काकू म्हणाल्या. विमानतळावर मी निरोप का घेतला नाही, मैत्री सारखी विचारते आहे. ते सांगतो.

आम्हाला आत सोडत नव्हते. तुम्ही कागद दाखवत होतात आणि तिथल्या माणसाने तिला त्यांच्या खुर्चीत बसवून आत घेतलं. मी काचेपाशी उभा होतो. काचेत फट होती, माझा आवाज तिच्यापर्यंत गेला असता. पण तिची पाठ माझ्याकडे होती आणि त्या माणसाने खुर्चीचा पट्टा तिच्या कमरेवरून घट्ट आवळला होता. मी हाक मारली असती तर तिने मागे वळायचा प्रयत्न केला असता. ती अर्ध्यावर थांबत नाही, पूर्ण वळते. पट्टा बरोबर त्या जागेवर घासला असता, आणि तिला कळलं नसतं.

म्हणून मी हाक मारली नाही. तिला असं सांगावं की काका तिथेच होता, ती दिसेनाशी होईपर्यंत होता.

आणि तुम्हीही तिला हाक मारायची असेल तेव्हा आधी तिच्या समोर जावं.

आपला,
संजय